पावतीवर नाव कोणाचं?

मार्च २०२३ मधली गोष्ट. अण्णांनी कॉटखालून एक पत्र्याची पेटी ओढली, उपरण्याने तिच्यावरची धूळ पुसली आणि म्हणाले, "ताई, घे. यात आपली संस्था आहे." पेटीत चार पावती पुस्तकं, रबर लावलेले बिलांचे गठ्ठे, दोनशे पानी दोन वह्या, संस्थेचा गोल शिक्का, वाळून कडक झालेलं स्टॅम्प पॅड आणि बिस्किटाच्या डब्यात सहा हजार दोनशे चाळीस रुपये रोख. बँकेचं पासबुकही होतं, पण २०१९ च्या ऑगस्टनंतर ते कोणी भरून आणलेलं नव्हतं.

मी धरणगावला एका जिनिंगमध्ये हिशेब बघते. सव्वीस वर्षं झाली. दसऱ्याला कापूस सुरू झाला की काट्याची पावती, हमालीचं व्हाउचर, शेतकऱ्याची उचल, सगळं त्या दिवशीच किर्दीत चढल्याशिवाय आमच्या ऑफिसला कुलूप लागत नाही. त्यामुळे ती पेटी उघडल्यावर माझ्या मनात जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अण्णांसमोर मात्र "बघते" एवढंच म्हटलं.

संस्था २०११ ची. नोंदणी दोन्हीकडची, म्हणजे १८६० चा सोसायट्यांचा कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा. काम एकच: दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अमळनेरला फिटच्या रुग्णांचं शिबिर. मेंदूविकाराचे डॉक्टर नाशिकहून रेल्वेने येतात, तपासतात, आणि ज्यांना परवडत नाही त्यांना महिन्याच्या गोळ्या संस्था देते. पारोळा, चोपडा, शिरपूर, शहादा, कधी तर पार धडगावच्या पाड्यावरून माणसं आदल्या रात्री निघून येतात. लेव्हेटिरासेटामच्या दोन गोळ्या रोज म्हटल्या तरी महिन्याला साठ. व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपाइन, क्लोबाझाम, कोणाला दोन मिळून, कोणाला तीन. या आजारात गोळीचा खाडा चालत नाही. पैसे संपले म्हणून चार दिवस गोळी बंद केली आणि पाचव्या दिवशी विहिरीवर, चुलीजवळ, सायकलवर फिट आली, अशा कहाण्या आमच्या शिबिरात बाकावर बसून नुसत्या ऐकत राहाव्यात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की निदान आणि उपचार नीट झाले तर शंभरातल्या सत्तरांच्या फिट थांबू शकतात. ते सत्तर गोळ्या मिळाल्या तरचे. सरकारी मदतीचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात अपस्मार, म्हणजे हा फिटचा आजार, नावानिशी नाही. म्हणून डब्यातले ते सहा हजार दोनशे चाळीस.

माझा धाकटा भाऊ याच शिबिराचा पेशंट. बारावीत पहिली आकडी आली तेव्हा घरात सगळे उपाय झाले. चप्पल हुंगवून झाली, कांदा फोडून झाला, मुठीत किल्ल्या देऊन झाल्या, मध्य प्रदेशातल्या एका बाबाकडे तीन अमावास्या झाल्या. अण्णांच्या शिबिरात आल्यावर वर्षभरात फिट थांबल्या. अण्णा निवृत्त शिक्षक, त्यांचा स्वतःचा मुलगा या आजारात गेला, एवढं पुरे. त्यांनी "खजिनदार हो" म्हटल्यावर मी नाही म्हणणार नव्हतेच.

निमित्त मात्र निराळं होतं. फेब्रुवारीत पारोळ्याकडच्या एका बापूंनी शिबिरात सगळ्यांसमोर विचारलं होतं, की आमच्याकडून पाच-पाचशे घेता, त्याचं पुढे काय होतं? अण्णा दुखावले. घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत, असं वहिनी सांगत होत्या. मला विचाराल तर बापूंचं काही चुकलं नव्हतं. पण तेव्हा मी तसं बोलले नाही.

जळगावच्या सीए मॅडम माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्यांनी पेटी बघितली, मला पाणी दिलं आणि एक यादी काढली. २०२०-२१, २१-२२ आणि २२-२३ ही तीन वर्षं लेखापरीक्षण नाही. विश्वस्तांमधला बदल धर्मादाय कार्यालयात कळवलेला नाही. आयकराची जी नोंदणी २०२१ पासून सगळ्याच संस्थांना नव्याने करायची होती, ती केलेली नाही. "ताई, बारा-ए आणि ऐंशी-जी, दोन्ही आज कागदावरच आहेत," त्या म्हणाल्या. म्हणजे संस्थेची करमाफी आणि देणगीदाराची करसवलत. मी विचारलं, सुरुवात कुठून? त्या म्हणाल्या, रोजमेळापासून, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीपासून.

मग एप्रिल, मे, जून मी रोजमेळ लिहिला. रात्री जेवणं झाली की ओट्यावर पंखा लावायचा आणि गठ्ठे उघडायचे. मे महिन्यात खानदेशात पारा चव्वेचाळीसच्या खाली यायला तयार नसतो, आणि तिथेच पहिला घात झालेला होता. मेडिकलची बिलं थर्मल कागदाची. पत्र्याच्या पेटीत तीन उन्हाळे भाजून निघालेली. काहींवर दुकानाचं नाव तेवढं करड्या सावलीसारखं दिसत होतं, काही पार कोरी. एकशे बारा बिलं मी ओळीने मांडली, त्यातली एकोणचाळीस कोरी निघाली. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की काही आकडे उमटतात, हे तेव्हा कळलं. एका बिलावर पूर्ण रक्कम दिसली, तारीख दिसली, औषधाचं नाव दिसलं, तेव्हा एवढा आनंद झाला की आत झोपलेल्या नवऱ्याला हाक मारली. तो म्हणाला, लॉटरी लागली का?

राहिलेल्यांसाठी मी अमळनेरच्या मेडिकलवाल्याकडे गेले. भला माणूस. त्याने कॉम्प्युटरमधून मागची बिलं काढून दिली, पण प्रत्येक बिलावर पेशंटच्या नावाच्या रकान्यात एकच शब्द: कॅश. मी म्हटलं, एवढी बिलं आणि सगळीकडे कॅश? तो म्हणाला, "ताई, नाव कोणाचं टाकणार? अण्णाच सांगायचे, कोणाचंच टाकू नको."

आता खरी गोम इथे होती, आणि माझ्या ती आधी लक्षात आली नव्हती. आमची संस्था गबाळी होती हे खरं, पण हिशेब पुसट होते ते निव्वळ गबाळेपणामुळे नाही. लोकांना नाव नको होतं. देणाऱ्यालाही नको आणि घेणाऱ्यालाही नको. शिबिरात आलेली माय कार्ड भरताना हळूच म्हणते, "बहीन, पोरनं नाव नको लिखू. तिनं लगन जमाडी राह्यनूत." हिंदू विवाह कायद्यातून, लग्नाच्या अटींमधला अपस्माराचा उल्लेख १९९९ मध्ये निघाला, पण सोयरीक ठरवायला आलेली माणसं कायदा वाचून येत नाहीत, ती गावात चौकशी करून येतात. अण्णांनी तिची विनंती पाळली. पाळता पाळता औषध कोणाला गेलं याचा कुठेच पुरावा उरला नाही. वहीत नुसतं लिहिलेलं: "पारोळा, मुलगी, २ स्ट्रिप." "शिरपूर, रिक्षावाला." "तीच बाई."

पावती पुस्तकांचंही तेच. निम्म्या स्थळप्रतींवर, म्हणजे पुस्तकातच राहणाऱ्या प्रतींवर, "एक हितचिंतक". दुसरं पुस्तक चाळताना एका पानावर माझा हात थांबला. "एक हितचिंतक, धरणगाव. रु. १,०००." पुढे पुन्हा तेच, पुन्हा एक हजार. असे सहा. सगळ्या तारखा दिवाळीनंतरच्या आठवड्यातल्या. ते बोनसचे पैसे होते. ती हितचिंतक मी. जिनिंगमधल्या कोणाला भावाचा आजार कळू नये म्हणून मीच अण्णांना सांगितलं होतं, नाव टाकू नका. बापूंच्या प्रश्नावर अण्णांकडे उत्तर नव्हतं, त्यात माझ्याही सहा पावत्या होत्या.

मी हे सीए मॅडमना सांगितलं. त्यांनी दोन गोष्टी सुनावल्या. पहिली माझ्यापुरती: आता तुम्ही विश्वस्त झालात, तर विश्वस्ताच्या नातेवाइकाला संस्थेच्या पैशातून फायदा देणं आयकराच्या नियमात बसत नाही, भावाच्या गोळ्या यापुढे स्वतःच्या खिशातून. तेव्हापासून मी त्याच मेडिकलमधून, त्याच्या पूर्ण नावाने, पैसे देऊन घेते. दुसरी संस्थेसाठी. मी म्हटलं होतं की लोकांना नाव नको असेल तर आपण काय करणार? त्यावर त्या म्हणाल्या, "गावाला नाव दिसू नये, बरोबर. पण मला दिसलं पाहिजे. धर्मादायवाल्यांनी मागितलं तर त्यांना दिसलं पाहिजे. निनावी आणि गुप्त यात फरक आहे, ताई."

त्या एका वाक्यावर आम्ही सगळी पद्धत बसवली. प्रत्येक रुग्णाला नंबरचं कार्ड. मेडिकलच्या बिलावर संस्थेचं नाव आणि कार्डाचा नंबर. व्हाउचरला डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स, तिच्यावरचं नाव काळ्या पट्टीने झाकलेलं. आणि एक जाडजूड बांधलेलं रजिस्टर, ज्यात नंबरसमोर नाव, गाव, घरच्यांचा फोन आणि औषध घेतल्याची सही किंवा अंगठा. ते रजिस्टर कपाटात, किल्ल्या दोन, एक माझ्याकडे आणि एक डॉक्टरांकडे. ऑडिटच्या दिवशी मॅडम ते उघडून वीस-पंचवीस नंबर स्वतःच्या मनाने निवडतात, काहींना फोन लावतात आणि विचारतात, गेल्या महिन्यात किती गोळ्या मिळाल्या? फोनवर संस्थेचं नाव आधी घ्यायचं नाही, पलीकडे कोण आहे याची खात्री झाल्यावरच, हेही ठरलेलं.

हे पुढच्यासाठी झालं. मागच्या तीन वर्षांचं काय? त्यासाठी मी आणि अण्णा समोरासमोर बसलो. त्यांची स्मरणशक्ती अफाट. "तीच बाई" म्हणजे कोण, हे ते गाव, गल्ली, नवऱ्याचा धंदा यांसकट सांगायचे, मी लिहून घ्यायचे. मग त्या माणसांना गाठून सह्या. लॉकडाऊनची वही सगळ्यात अवघड. एप्रिल २०२० मध्ये शिबिर बंद, एसटी बंद, रेल्वे बंद. अण्णांनी मेडिकलमधून गोळ्या घेऊन, पाकिटांवर खुणा करून, सोडलेल्या असतील त्या गाड्यांबरोबर पाठवल्या होत्या. दुधाची गाडी, रावेरकडची केळीची ट्रक, एकदा पोलिसांची जीप. त्या तीन महिन्यांत एकही रुग्ण औषधाविना राहिला नाही असं अण्णा सांगतात, आणि मी सह्या घेत फिरले तेव्हा लोकांनीही तेच सांगितलं. पण केळीच्या ट्रकची पोच काय लावणार?

आणि एक प्रकरण होतं ते अण्णांच्या खिशाचं. दुसऱ्या वहीत मागच्या पानापासून उलटं लिहीत त्यांनी स्वतःचे घातलेले पैसे टिपले होते. बेरीज एकसष्ट हजार सातशे. मला वाटलं, हे संस्थेने त्यांना देणं आहे, ताळेबंदात दाखवू. मॅडमनी मान हलवली. विश्वस्ताने संस्थेसाठी कर्ज उभं करायचं तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. शिवाय लेखापरीक्षकाला अहवालात ठरावीक प्रश्नांची उत्तरं लिहावी लागतात: हिशेब नियमित ठेवलेत का, तपासणीच्या दिवशी हातातली रोकड आणि व्हाउचरं वहीशी जुळली का, सभा घटनेप्रमाणे होतात का, इतिवृत्तं आहेत का, कोणी विश्वस्त संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का. "तिथे मी हो लिहू का?" मॅडमनी विचारलं.

अण्णांना हे सांगायचं काम माझ्यावर आलं. वहिनींनी कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला होता. मी घास हातात धरूनच सांगितलं की ही रक्कम तुम्ही देणगी म्हणून सोडली असं लिहून द्या, आणि बँकेतून न आल्यामुळे तिची ऐंशी-जीची सवलतही तुम्हाला मिळणार नाही. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी परत मागितले होते का?"

"नाही अण्णा."

"मग सोडले असं कशाला लिहू? धरलेलेच नव्हते."

त्यांचं म्हणणं खरं होतं आणि मॅडमचंही खरं होतं. मी त्या दिवशी तसाच कागद परत आणला. चार दिवसांनी त्यांनी एका विद्यार्थ्याबरोबर पत्र पाठवलं, मोत्यासारख्या अक्षरात, तीन ओळींचं. त्यात "सोडले" हा शब्द नव्हता. "वेळोवेळी केलेला खर्च ही माझी देणगी समजावी" असं होतं. ते पत्र मी फाईलला लावलं, त्याची झेरॉक्स माझ्याकडे ठेवली.

कचेरीचं काम त्यामानाने सरळ गेलं, फक्त वेळ खाल्ला. आमचे एक विश्वस्त, आम्ही त्यांना जिभाऊ म्हणायचो, २०१९ मध्ये वारले. त्यांच्या जागी दुसरे घेतल्याचा ठराव वहीत होता, पण बदल झाला की नव्वद दिवसांत कळवायचा असतो तो चेंज रिपोर्ट कोणी भरलाच नव्हता. त्यामुळे शेड्यूल वनवर, म्हणजे संस्थेच्या सरकारी सातबाऱ्यावर म्हणा, जिभाऊ हयात. बँक म्हणे, सही बदलायची तर शेड्यूल वनची प्रमाणित प्रत आणा, आणि त्या प्रतीवर सही करणारा माणूस वैकुंठात. विलंब माफीचा अर्ज, शपथपत्र, मृत्यूचा दाखला, सभेची नोटीस, इतिवृत्ताची प्रत, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं. धरणगावहून जळगाव रेल्वेने जवळ, पण तारखेचा दिवस म्हणजे जिनिंगची एक रजा. पाच रजा गेल्या. पाचव्या तारखेला अर्ज मंजूर झाला तेव्हा जिभाऊंच्या घरी फोन केला. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "चला, आता सुटले."

आयकराच्या नव्या नोंदणीची मुदत सरकारने वाढवत वाढवत ३० जून २०२४ पर्यंत नेली होती, त्यातच आम्ही बसलो. नाहीतर दंडाचं आणि नाकारलेल्या अर्जाचं लिहावं लागलं असतं. त्यानंतर देणगीदारांची माहिती भरायची, टेन-बीडी, दर वर्षी ३१ मेपर्यंत. उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये. पहिल्याच वर्षी माझ्याकडून एका पॅनमध्ये एनच्या जागी एम पडला. भुसावळचे एक रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ रिटर्न भरायला बसले, त्यांच्या नावावर देणगी दिसेना. त्यांचा फोन आला तेव्हा ते चिडलेले नव्हते, उलट मला धीर देत होते. मी मात्र तो फॉर्म दुरुस्त करून पाठवेपर्यंत दोन रात्री झोपले नाही. दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही हेही लोकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. सांगितलं की निम्मे जण म्हणतात, सवलत नको, पावती नको, पैसे घ्या.

जळगावच्या सराफ बाजारातले एक शेठ त्यातलेच. दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पाकीट पाठवतात आणि बजावतात, नाव कुठेही नको. मला उगाच वाटायचं की काळा पैसा असेल. एकदा त्यांच्या मुनीमजींनी सांगितलं, शेठच्या घरात कोणाला तरी आहे. मग मी गुप्तदानाचा नियम नीट वाचला. निनावी देणगीवर तीस टक्के कर आहे, पण एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख, यातली जी रक्कम मोठी तेवढी सोडून. आमची सगळी गुप्तदानं मिळून लाखाच्या जवळपासही जात नाहीत. आता शिबिरात दानपेटी आहे, तिला दोन कुलपं, उघडताना तीन माणसं, मोजल्यावर पंचनाम्यासारखा कागद. शेठचं पाकीटही त्या पेटीतच पडतं.

एका कारखान्याच्या सीएसआरवाल्यांनी, म्हणजे समाजकार्याचा निधी वाटणाऱ्यांनी, मात्र मोठी रक्कम देऊ केली होती, वर्षभराची औषधं निघाली असती. त्यांना अट होती: बॅनर धरलेल्या रुग्णांचे फोटो आणि नाव-मोबाइलसह यादी. आम्ही म्हटलं, यादी आमच्या कपाटात येऊन बघा, बिलं न्या, ऑडिट न्या, हवं तर तुमचा ऑडिटर पाठवा. फोटो मिळणार नाहीत. पुढे त्यांचं उत्तर आलं नाही. त्या रात्री मला कॅल्क्युलेटरवर ती रक्कम भागिले महिन्याचा खर्च असं पुन्हा पुन्हा करून बघायचा मोह आवरला नाही. आजही शिबिरात गोळ्या कमी पडल्या की तो आकडा आठवतो.

तीन वर्षांचे रोजमेळ लिहून झाले आणि तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची जुळणी, मांडली तेव्हा चार हजार तीनशे दहा रुपयांचा फरक आला. कमी नाही, उलटा. म्हणजे खर्च आणि हातातली रोकड मिळून, आलेल्या पैशांपेक्षा चार हजार तीनशे दहाने जास्त. अण्णांचे एकसष्ट हजार सातशे धरूनही. खाल्लेल्या पैशाचा हिशेब मी जिनिंगमध्ये दोनदा पकडलाय, पण कोणी न दिलेल्या पैशाने औषधं आली कशी, हे मला पकडता आलं नाही. मॅडमनी ती रक्कम सस्पेन्स, म्हणजे उलगडा न झालेली, म्हणून ताळेबंदाच्या देणे बाजूला ठेवली. तपासताना दोन पावत्यांच्या स्थळप्रती गायब दिसल्या होत्या, १४७ आणि १६३. तेही अहवालात लिहिलं. मी म्हटलं, एवढं उघडं लिहायचं? त्या म्हणाल्या, तुम्ही लिहिलंत तर ती चूक, दुसऱ्याने शोधलं तर लबाडी.

सर्वसाधारण सभा १७ नोव्हेंबर २०२४ ला घेतली. तो राष्ट्रीय अपस्मार दिन, नेमका रविवार. तीन दिवसांवर विधानसभेचं मतदान. अमळनेरात हॉल मिळेना, मिळाला तर बाहेरून दर दहा मिनिटांनी प्रचाराची रिक्षा. दारात एकाने विचारलंच, कोणाची सभा आहे, नाश्ता आहे का? आम्ही भिंतीवर मोठे कागद लावले होते. देणग्यांच्या कागदावर एकही नाव नव्हतं, फक्त पावतीचा नंबर आणि रक्कम. ज्याने त्याने आपली पावती काढून आपला आकडा शोधायचा. १४७ आणि १६३ समोर लाल शाईने: "स्थळप्रत सापडली नाही. ज्यांच्याकडे पावती असेल त्यांनी आणावी." औषधांच्या कागदावर कार्ड नंबर आणि स्ट्रिपा. लोक बराच वेळ भिंतीसमोर उभे होते. बायका पदराआड कार्ड धरून नंबर बघत होत्या, कोणाला दिसणार नाही अशा बेताने.

मी जमाखर्च वाचत होते, "इतर खर्च" पर्यंत आले होते, तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या एका मुलाला फिट आली. कोणी ओरडलं नाही. दोघांनी खुर्च्या सरकवल्या, एकीने त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली पिशवी सरकवली, एकाने घड्याळ बघितलं. तोंडात काही घालायचं नाही हे तिथे शेंबड्या पोरालाही माहीत. पावणेदोन मिनिटं. पाच मिनिटांच्या वर गेली असती तर नाकात मारायचा फवारा तयार होता. तो शांत झोपल्यावर घड्याळवाला म्हणाला, "चाला ताई, इतर खर्च." मी पुढे वाचलं.

शेवटी फरकाचा विषय आला तेव्हा बापू उठले. तेच, पारोळ्याकडचे. नातवाने भिंतीवरचं वाचून दाखवलं असणार. "लॉकडाऊनमा मी पाचशे रुप्या दिन्हतात. त्या भीतवर कोठेच नही शेतस. कोनी खाया अशे मी म्हंत नही. पन कागद दखाडा." अण्णा माझ्या शेजारीच होते. या खेपेला ते उठले आणि म्हणाले, "बापू, कागद आमच्याकडे नाही. तुमच्याकडे आहे का?" बापू म्हणाले, घरी बघतो. सस्पेन्सचा ठराव मंजूर झाला. दोघांनी हात वर केला नाही, त्यात एक बापू. मी इतिवृत्तात तसं लिहिलं.

८ डिसेंबरच्या शिबिरात बापू आले ते थेट माझ्या टेबलाशी. बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून रेशनकार्ड, रेशनकार्डातून घडी केलेला कागद. पावती नंबर १४७, रुपये पाचशे, एप्रिल २०२०. अक्षर अण्णांचं नव्हतं. अण्णांनी चष्मा लावून बघितलं आणि हसले. मेडिकलवरच्या पोऱ्याचं अक्षर. त्या दिवशी पुस्तकच त्याच्याबरोबर ट्रकने पाठवलं होतं, त्याने पावती फाडली आणि स्थळप्रतही घाईत तिच्याबरोबर फाटून गेली असणार. नावाच्या जागी त्याने "बापू" एवढंच लिहिलं होतं.

मी पावतीचा फोटो काढला, झेरॉक्सला मुलगा पाठवला आणि बापूंना विचारलं, वहीत पूर्ण नाव लिहू का? ते म्हणाले, "पोरनं नको. मन्हं लिख." मी आडनावासकट लिहिलं. मग त्या दिवसाच्या किर्दीत नोंद टाकली: सस्पेन्स खात्यातून देणगी खात्यात, पाचशे. फरक आता तीन हजार आठशे दहा. १६३ अजून यायची आहे.